ऑफिसच्या फोनचा अकाउंट कोड : कोणाला मिळतो, अर्ज कसा करायचा, कसा दाबायचा

वकील, सीए, आर्किटेक्ट यांच्या ऑफिसात फोनचं बिल आलं की एक वाद ठरलेला असतो. हा अर्ध्या तासाचा कॉल कोणत्या क्लायंटच्या खात्यात टाकायचा? अकाउंट कोड असतो तो यासाठी. फोन करताना फाईलचा कोड दाबला की ईपीएबीएक्सच्या (म्हणजे ऑफिसातल्या सगळ्या फोनना जोडणाऱ्या एक्स्चेंजच्या) कॉल रिपोर्टमध्ये तारीख, वेळ, एक्स्टेंशन, लावलेला नंबर आणि कालावधी यांच्या शेजारी तो कोड उमटतो.

बरेच जण याला पासवर्ड समजतात आणि गोंधळ तिथूनच सुरू होतो. अकाउंट कोड मिळाला म्हणून बंद असलेलं एसटीडी, आयएसडी सुरू होत नाही. त्यासाठी व्हेरिफिकेशन कोड लागतो. तो व्यक्तीच्या नावावर असतो, सोबत पिन असतो, आणि दुसऱ्याच्या टेबलावरूनही तुम्हाला तुमच्या सवलतीनुसार फोन लावता येतो. अर्जात नेमकं काय हवंय ते स्पष्ट लिहा.

ज्याच्या एक्स्टेंशनला बाहेरची लाईन आहे, त्याला अकाउंट कोड मागता येतो. नुसतं इंटरकॉम असेल तर अर्ज करून उपयोग नाही. कोड शक्यतो फाईलनुसार घ्यावा, माणसानुसार नको. म्हणजे एकाच प्रकरणावर काम करणारे तिघे एकच कोड वापरतात आणि हिशेब एका जागी राहतो.

अर्जाचा नमुना ऑफिसगणिक वेगळा असतो, पण एक पान पुरतं. त्यात एक्स्टेंशन नंबर, विभाग, फाईल नंबर आणि विभागप्रमुखांची सही हवी. फोनखर्च क्लायंट देणार असं ज्या पत्रात लिहिलंय, त्याची प्रत जोडा. ती नसेल तर अकाउंट्सवाले पुढे वसुली कशाच्या आधारावर करणार? व्हेरिफिकेशन कोड हवा असेल तर ऑफिसच्या ओळखपत्राची झेरॉक्सही द्या. आधार कार्डाची प्रत कुणी मागितली तर कशासाठी, असं जरूर विचारा. इथे तिचं काही काम नाही.

अर्ज अॅडमिनकडे द्यायचा. एक्स्टेंशनला कोड ऐच्छिक ठेवायचा की सक्तीचा, हे मंजुरीतच ठरवून घ्या. सक्तीचा असेल तर कोड दाबल्याशिवाय बाहेर फोन लागत नाही. इमर्जन्सी नंबर मात्र सिस्टिममध्ये तसे भरलेले असतील तर कोडाविना लागतात. ११२ भरलाय का, हे मेंटेनन्सवाल्याला विचारून घ्या.

पॅनासॉनिकच्या केएक्स-टीडीए या ईपीएबीएक्स मालिकेत मूळ सेटिंग असं आहे: रिसीव्हर उचला, स्टार ४९ दाबा, कोड दाबा, मग हॅश. त्यानंतर बाहेरच्या लाईनचा आकडा आणि नंबर. कोड जास्तीत जास्त दहा आकडी. ऐच्छिक असेल आणि आधी विसरलात, तर बोलणं चालू असतानाही तो भरता येतो. दुसऱ्या कंपनीच्या सिस्टिममध्ये आकडे वेगळे असतात.

एक गोष्ट अर्जावर कुणी छापत नाही. पॅनासॉनिकची ही सिस्टिम अकाउंट कोड बरोबर आहे का, हे तपासत नाही. ४१२ च्या जागी ४२१ दाबलंत तरी फोन बिनतक्रार लागतो आणि खर्च भलत्याच फाईलवर पडतो. म्हणून जवळजवळचे आकडे कोड म्हणून घेऊ नका, आणि महिन्याचा रिपोर्ट बिल निघण्याआधी एकदा स्वतः बघा.

नोकरी सोडताना अकाउंट कोड तसाच राहू द्या, तो फाईलचा आहे. व्हेरिफिकेशन कोड मात्र शेवटच्या दिवशी लेखी देऊन बंद करून घ्या.