मॉस्को सिग्नल

मॉस्को सिग्नल म्हणजे शीतयुद्धाच्या काळात मॉस्कोतल्या अमेरिकन दूतावासावर समोरच्या बाजूने वर्षानुवर्षं सोडला गेलेला मायक्रोवेव्हचा झोत. साधारण १९५३ पासून १९७६ पर्यंत तो चालू होता, नंतरही अधूनमधून पकडला गेला. कमी ताकदीचे मायक्रोवेव्ह लांब काळ अंगावर पडले तर मेंदूचं काय होतं हा प्रश्न आज मोबाईल टॉवरवरून विचारला जातो, पण सरकारी पातळीवर तो आधी इथे गाजला.

दूतावास चायकोव्हस्की रस्त्यावरच्या दहा मजली इमारतीत होता. झोताची ताकद १९७५ पर्यंत एका चौरस सेंटिमीटरला जास्तीत जास्त ५ मायक्रोवॅट, नंतर ती १५-१८ पर्यंत गेली. अमेरिकेत तेव्हा १० मिलिवॅटपर्यंत (१०,००० मायक्रोवॅट) चालायचं, म्हणजे हे पाचशे पटीने कमी, पण रशियात कामगारांसाठीची मर्यादाच १० मायक्रोवॅट होती! त्यांच्या डॉक्टरांचं म्हणणं होतं की रडार वगैरेवर काम करणाऱ्यांना डोकेदुखी, थकवा, झोप न येणं, चिडचिड असं होतं, मायक्रोवेव्हचा आजार म्हणायचे त्याला. अमेरिकन लोकांचा हिशोब साधा होता, अंग तापलं नाही ना, मग अपाय नाही.

झोत सोडत का होते याचं पक्कं उत्तर रशियाने दिलं नाही. एक अंदाज असा की दूतावासाच्या छपरावरची अमेरिकन ऐकण्याची यंत्रं जॅम करायला, दुसरा असा की आत लपवलेली उपकरणं बाहेरून चालवायला. दुसऱ्याला आधार आहे, कारण १९४५ मध्ये राजदूताला भेट दिलेल्या लाकडी राजमुद्रेत बॅटरी नसलेला मायक्रोफोन निघाला होता जो बाहेरून रेडिओलहरी सोडल्या की चालायचा, आणि तो १९५२ पर्यंत कुणाच्या लक्षातच आला नाही. तिसरा अंदाज मेंदूवर परिणाम करण्याचा, आणि पेंटागॉनला तोच सगळ्यात जास्त छळत होता.

म्हणून १९६५ मध्ये पँडोरा नावाचा गुप्त प्रकल्प सुरू झाला. अमेरिकन लष्कराच्या वॉल्टर रीड संशोधन संस्थेत माकडांवर तसाच झोत सोडून त्यांचं शिकवलेलं काम बिघडतं का ते बघायचं. प्रमुखांना परिणाम दिसला असं वाटलं, पण माकडं अगदी मोजकी, त्यामुळे नंतर तपासणाऱ्या शास्त्रज्ञांना ते पटलं नाही आणि काम गुंडाळलं. याच काळात दूतावासातल्या लोकांचं रक्त तपासलं गेलं, कारण सांगितलं व्हायरसचं. हे मात्र सरळ फसवणूक होती, आणि नंतर कुणीच कशावर विश्वास ठेवेना त्याचं मूळ बऱ्याच अंशी इथे आहे.

कर्मचाऱ्यांना खरं कळलं १९७६ मध्ये, राजदूत वॉल्टर स्टोसेल यांनी सांगितलं तेव्हा. खिडक्यांना जाळ्या बसल्या. स्टोसेल १९८६ मध्ये ल्युकेमियाने गेले, आधीचे बोलेन आणि थॉम्पसन हे राजदूतही कॅन्सरने, त्यामुळे शंका अजून जात नाही, पण तीन माणसांवरून काही सिद्ध होत नाही.

मोठा अभ्यास जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या अब्राहम लिलिएनफेल्ड यांचा, १९७८ चा. मॉस्कोत राहिलेले सुमारे १८०० कर्मचारी आणि पूर्व युरोपातल्या इतर ठिकाणचे अडीच हजार, अशी तुलना केली. मृत्यूच्या प्रमाणात फरक निघाला नाही. मॉस्कोवाल्यांनी उदासी, चिडचिड, लक्ष न लागणं, विसरभोळेपणा जास्त सांगितला हे खरं, पण सगळ्यात कमी झोत लागलेल्यांमध्ये हा फरक सगळ्यात जास्त दिसला! म्हणजे झोतापेक्षा पेपरातल्या बातम्यांनी आणि भीतीनेच तक्रारी वाढल्या असाव्यात, निदान आकडे तरी तसंच सुचवतात. अर्थात हा अभ्यास प्रश्नावली आणि कागदपत्रांवरचा, मेंदूचं स्कॅनिंग वगैरे त्यात नव्हतं.

२०१६ मध्ये क्यूबाच्या राजधानीत, हवानात, अमेरिकन दूतावासातल्या कर्मचाऱ्यांना डोक्यात आवाज, चक्कर असं होऊ लागलं तेव्हा मॉस्कोची आठवण पुन्हा निघाली. २०२० मध्ये अमेरिकन विज्ञान अकादमीच्या समितीने मायक्रोवेव्हच्या स्पंदनांना सगळ्यात पटण्याजोगं कारण म्हटलं, २०२३ मध्ये अमेरिकेच्या बहुतेक गुप्तचर संस्थांनी परक्या शत्रूचा हात असण्याची शक्यता फारच कमी असं सांगितलं, आणि २०२४ मध्ये त्रास झालेल्यांच्या स्कॅनमध्ये मेंदूला इजा झाल्याची खूण सापडली नाही.

आपल्याकडे मुंबई-पुण्यातल्या सोसायट्यांत गच्चीवरच्या टॉवरवरून भांडणं होतात तेव्हा एक आकडा सहसा निघत नाही. भारताने २०१२ मध्ये आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एक दशांश इतकी कडक मर्यादा लावली, ९०० मेगाहर्ट्झला ती एका चौरस सेंटिमीटरला ४५ मायक्रोवॅट येते, म्हणजे मॉस्कोच्या १८ पेक्षा जास्तच.