बर्फाचा महाल आणि क्षयरोग्यांचं गाव

न्यूयॉर्क राज्याच्या उत्तर भागात, अ‍ॅडिरॉन्डॅक डोंगरांमध्ये, सॅरनॅक लेक नावाचं जेमतेम ५,००० वस्तीचं गाव आहे. दर फेब्रुवारीत तिथे दहा दिवस हिवाळी उत्सव चालतो. लेक फ्लॉवर या तलावातून कापलेल्या बर्फाच्या लाद्या रचून काठावर महाल उभा केला जातो. रात्री आतून रंगीत दिवे लागतात, मिरवणूक निघते, फटाके उडतात. वरवर पाहता, मंदीच्या मोसमात पर्यटक यावेत म्हणून कुणीतरी काढलेली ही टूम वाटते. पर्यटनाचा भाग आहेच, पण या उत्सवाचं मूळ शोधत गेलं की वाट हॉटेलांकडे न जाता क्षयाच्या आरोग्यधामाकडे जाते.

एडवर्ड लिव्हिंग्स्टन ट्रूडो हा न्यूयॉर्क शहरातला तरुण डॉक्टर. क्षयाने खंगत चाललेल्या थोरल्या भावाची शुश्रूषा त्याने स्वतः केली होती. १८७३ मध्ये त्यालाही तेच निदान झालं. उरलेले दिवस आवडत्या रानात घालवावेत म्हणून तो अ‍ॅडिरॉन्डॅकला आला आणि सगळ्यांची अपेक्षा खोटी ठरवत सुधारू लागला. शहरात परतला की प्रकृती ढासळे, डोंगरात आला की सावरे. १८७६ मध्ये त्याने सॅरनॅक लेकलाच बिऱ्हाड केलं. पुढे जर्मन डॉक्टरांच्या थंड, मोकळ्या हवेतल्या उपचारांविषयी त्याच्या वाचनात आलं आणि आपल्यावर जे घडलं त्याला निदान एक पद्धत तरी आहे, हे त्याच्या लक्षात आलं. १८८५ मध्ये त्याच्या आरोग्यधामाची पहिली छोटी लाल झोपडी उभी राहिली. तिच्यात पहिल्यांदा राहायला आल्या त्या न्यूयॉर्कच्या कारखान्यात राबणाऱ्या दोन बहिणी.

या उपचारात औषध जवळजवळ नव्हतंच. विश्रांती, भरपूर खाणं आणि हवा. हवा म्हणजे अक्षरशः उघड्यावरची हवा. रोगी लांब आरामखुर्चीत, केसाळ कातडी आणि घोंगड्यांत गुंडाळून, रोज तासन्‌तास ओसरीवर पडून राहत. बाहेर पारा शून्याखाली २० अंशांवर गेला तरी नियम बदलत नसे. १८८७ मध्ये रेल्वे आली तसे रोगीही वाढले. आरोग्यधामात जागा पुरेना, तेव्हा गावकऱ्यांनी आपल्या घरांना काचेच्या ओसऱ्या जोडल्या आणि रोग्यांना खोल्या भाड्याने दिल्या. अशी शेकडो घरं झाली. जुन्या गल्ल्यांतून आजही दोन-दोन, तीन-तीन मजली ओसऱ्या असलेली घरं दिसतात. वास्तुशास्त्राची आवड नसलेल्यालाही ती खटकतात, कारण एवढ्या थंड प्रदेशात एवढ्या ओसऱ्या कुणी शहाणा माणूस बांधणार नाही.

म्हणजे इथे थंडी ही टाळायची गोष्ट नव्हती, गावाची रोजीरोटी तिच्यावर होती. मात्र थंडीने जीव वाचला तरी ती कंटाळ्याने जीव खाते. नोव्हेंबर ते एप्रिल बर्फ, दिवस आखूड, आणि खुर्चीत पडलेल्या रोग्याला वर्ष-वर्ष दुसरा उद्योग नाही. १८९६ च्या अखेरीस गावात पॉन्टिअ‍ॅक क्लब स्थापन झाला, मैदानी खेळांना उत्तेजन देण्यासाठी. १८९७ मध्ये या क्लबने पहिला हिवाळी उत्सव भरवला. तेव्हा तो एक-दोन दिवसांचाच होता: सजवलेल्या घसरगाड्यांची मिरवणूक आणि बर्फावरचे खेळ. पुढच्याच वर्षी, १८९८ मध्ये, बर्फाचा पहिला महाल उभा राहिला.

महालाची कल्पना त्यांची स्वतःची नव्हती. कॅनडात मॉन्ट्रियलने १८८३ च्या उत्सवात मोठा बर्फमहाल बांधून धमाल उडवून दिली होती. मशाली घेतलेले लोक त्या किल्ल्यावर चाल करून जात आणि आतून-बाहेरून फटाक्यांचा मारा होई. अमेरिकेत मिनेसोटाच्या सेंट पॉलने १८८६ मध्ये तोच कित्ता गिरवला. त्याला निमित्त झालं एका वार्ताहराचं. त्याने सेंट पॉलची तुलना सैबेरियाशी केली होती, आणि शहराने रागाच्या भरात थंडीचाच सण केला. सॅरनॅक लेकने मॉन्ट्रियलची लुटुपुटूची लढाई उचलली, पण इथे कुणाला उत्तर द्यायचं नव्हतं. तिकडे व्यापारी शहरांची फुशारकी होती, इकडे आजारी माणसांच्या गावाचा विरंगुळा. मला हा फरक महत्त्वाचा वाटतो. सेंट पॉलचे महाल वर्षानुवर्षे खंड पडत उभे राहिले, सॅरनॅक लेकनेही मधली काही वर्षं चुकवली, तरी एवढ्याशा गावाने हा खटाटोप शंभर वर्षांपलीकडे नेला.

खटाटोप शक्य झाला तो बर्फ कापणं हा गावाचा रोजचाच धंदा असल्यामुळे. फ्रिज येण्याआधी थंड प्रदेशातल्या प्रत्येक तलावावर हे काम चाले. बोस्टनच्या व्यापाऱ्यांनी तर मॅसॅच्युसेट्सच्या तळ्यांतला बर्फ १८३३ मध्ये जहाजाने कलकत्त्याला पोहोचवला होता, पुढे तो मुंबईतही विकला गेला. पद्धत अशी. आधी वरचा भुसभुशीत बर्फ बाजूला सारायचा, कारण तो पांघरुणासारखा पसरतो आणि खालचं पाणी गोठू देत नाही. मग घोड्याच्या मागे बांधलेल्या दातेरी फाळाने तलावावर चौकटी आखायच्या, लांब करवतीने त्या कापायच्या, आणि मोकळ्या केलेल्या पाण्याच्या पाटातून लाद्या आकड्याच्या काठ्यांनी काठाकडे ढकलत न्यायच्या. भुशात रचून ठेवल्या की त्या उन्हाळ्यापर्यंत टिकत. महालासाठी आजही असंच चालतं, फक्त घोड्याच्या जागी यंत्राची करवत आणि उचलायला यंत्र आलं. एक लादी साधारण चार फूट लांब, दोन फूट रुंद. जाडी तलाव ठरवतो. एक फूट जाडीचा बर्फ असेल तर एका लादीचं वजन २०० किलोच्या पुढे जातं. दोन लाद्यांमध्ये चुना-सिमेंट नसतं. भुसभुशीत बर्फ आणि पाणी कालवून केलेला राडा हाताने सांध्यात दाबतात. थंडी कडक असली की तो लगेच धरतो. जानेवारी ढगाळ आणि ऊबदार निघाला तर सगळी मेहनत लांबणीवर पडते.

शेजारी, १५ किलोमीटरवर, लेक प्लॅसिड आहे. तिथली वाट वेगळी. ग्रंथालयांच्या दशांश वर्गीकरणाचे जनक मेल्विल ड्यूई यांनी १८९५ मध्ये तिथे श्रीमंतांचा क्लब काढला आणि १९०४-०५ पासून तो हिवाळ्यातही उघडा ठेवला. स्कीइंग तिथे रुजलं, १९३२ आणि १९८० अशी दोन हिवाळी ऑलिम्पिक झाली. या क्लबात ज्यूंना प्रवेश नव्हता, क्षयरोग्यांनाही नव्हता. खोकणारा माणूस नको असलेलं एक तळं आणि खोकणाऱ्या माणसांवर जगणारं दुसरं, अर्ध्या तासाच्या अंतरावर.

क्षयावरचं औषध स्ट्रेप्टोमायसिन १९४३ मध्ये सापडलं, आयसोनायझिड हे दुसरं औषध १९५२ पासून वापरात आलं, आणि थंड हवेच्या उपचाराची गरज संपली. ट्रूडो स्वतः १९१५ मध्येच वारले होते. त्यांचं आरोग्यधाम १९५४ मध्ये बंद झालं. गावाचा मुख्य व्यवसाय एका गोळीने गेला. उत्सव मात्र ज्या कारणासाठी सुरू झाला ते कारण संपल्यावरही राहिला, आणि तेव्हापासून तो खऱ्या अर्थाने गावकऱ्यांचा झाला. कापणं, रचणं, सांधे भरणं हे काम बहुतांशी स्वयंसेवक करतात. जवळच्या तुरुंगातले कैदीही बरीच वर्षं मदतीला येत. २००९ मध्ये तो तुरुंग बंद झाल्यावर ते मनुष्यबळ गेलं आणि गावाला आणखी हात शोधावे लागले.

आजच्या कार्यक्रमात राजा-राणीची निवड आहे, बर्फावर चालायचे रुंद जोडे घालून खेळलेला सॉफ्टबॉल आहे आणि बायकांची तवा फेकण्याची स्पर्धा आहे, जिला गर्दी सर्वांत जास्त होते असं म्हटलं तर फारसं कुणी भांडणार नाही. दर वर्षी उत्सवाला एक विषय ठरतो आणि त्यावर चित्र काढलेला बिल्ला विकून पैसा उभा केला जातो. ही चित्रं १९८१ पासून व्यंगचित्रकार गॅरी ट्रूडो काढत आले आहेत. ते डॉ. ट्रूडोंचे पणतू.