चाळिशीनंतरची दिशा आणि मेंदूचा चुकलेला अंदाज

‘डोपामाइन उपवास’ नावाचे एक खूळ समाजमाध्यमांवरून आता सांगली-मिरजेपर्यंत येऊन पोहोचले आहे. नोकरी स्थिरावली, घराचे हप्ते फिटत आले, मुले शिकायला पुण्याला गेली आणि तरीही ‘आता पुढे काय?’ हा प्रश्न पाठ सोडत नाही, अशा पंचेचाळिशीच्या माणसाला दोन दिवस मोबाइल, गोडधोड आणि गप्पा बंद ठेवण्याचा सल्ला दिला जातो. त्यामुळे मेंदूतील डोपामाइन हे ‘आनंदाचे रसायन’ पुन्हा साठते आणि आयुष्याची दिशा लख्ख दिसू लागते, असा त्यामागचा दावा आहे. मोबाइल बाजूला ठेवण्यात तोटा काहीच नाही. मात्र डोपामाइन हे आनंदाचे रसायन नव्हे, आणि त्याचा खरोखरच उपवास घडला तर काय होते हे पार्किन्सनच्या रुग्णांत दिसते: डोपामाइन तयार करणाऱ्या मध्यमेंदूतील पेशी मरत जातात आणि साधी हालचाल सुरू करणेही अवघड होऊन बसते.

या पेशींचे एक महत्त्वाचे काम मेंदूशास्त्रज्ञ वोल्फ्राम शुल्ट्झ यांच्या माकडांवरील प्रयोगांतून उलगडले. माकडाला अनपेक्षितपणे फळाच्या रसाचा थेंब मिळाला की या पेशी जोमाने विद्युत-स्पंदने सोडत. रसाआधी दर वेळी ठरावीक खूण दाखवायला सुरुवात केल्यावर काही काळाने तोच जोम खुणेच्या क्षणी दिसू लागला आणि प्रत्यक्ष रस मिळताना पेशी नेहमीच्या संथ गतीनेच चालू राहिल्या. खूण दाखवूनही रस दिला नाही, तर ज्या क्षणी तो यायला हवा होता नेमक्या त्याच क्षणी स्पंदने नेहमीच्या पातळीच्याही खाली गेली. रस गोड होता की नाही, याची नोंद या पेशी घेत नव्हत्या. मिळालेले वजा अपेक्षिलेले, ही वजाबाकी त्या करत होत्या. शुल्ट्झ, पीटर डायन आणि रीड माँटेग्यू यांनी १९९७ साली मांडलेली ही उपपत्ती मला गेल्या काही दशकांतील मेंदूविज्ञानातली सर्वांत देखणी गोष्ट वाटते.

तासगावच्या एखाद्या बागायतदाराला यंदा बेदाण्याला किलोमागे १५० रुपये भाव मिळेल असे वाटते आणि सौद्यात १८० मिळतो, असे समजू. अंदाजातील चूक अधिक ३० झाली. मेंदू हा संपूर्ण फरक एकदम स्वीकारत नाही. त्याचा काही अंश, समजा ०.३, जुन्या अंदाजात मिळवतो. नवा अंदाज १५९ होतो. पुढच्या वर्षी पुन्हा १८० मिळाले तर चूक २१ उरते आणि अंदाज १६५.३ वर जातो. त्यापुढच्या वर्षी चूक १४.७ उरते. भाव तोच राहतो, उत्साह मात्र दर वर्षी तीस टक्क्यांनी घटत शून्याकडे जातो. अंदाज १८० च्या जवळ स्थिरावल्यावर एखाद्या वर्षी १५० मिळाले, तर पूर्वी ज्या भावावर तो समाधानी असता त्याच भावाने त्याला फटका बसल्यासारखे वाटते. शिकण्याचा हा अंश स्थिर नसतो आणि परिस्थिती किती अनिश्चित आहे त्यानुसार तो बदलतो, हे लक्षात घेतले की गणित बरेच किचकट होते; तो भाग येथे सोडून देतो.

ही वजाबाकी माणसाच्या समाधानातही दिसते. लंडनमध्ये रॉब रटलेज आणि सहकाऱ्यांनी २०१४ साली लोकांना पैशांचे छोटे डाव खेळायला लावले आणि मधूनमधून ‘आत्ता किती आनंदी आहात?’ असे विचारले. मोबाइलवरील खेळातून १८,००० हून अधिक लोकांची माहिती जमली. उत्तरे एकूण कमाईपेक्षा, कमाई अपेक्षेहून सरस ठरते आहे का, यावर अधिक अवलंबून होती.

चाळिशीशी याचा संबंध अर्थशास्त्रज्ञ हानेस श्वांट यांच्या अभ्यासात सापडतो. जर्मनीत एक पाहणी वर्षानुवर्षे त्याच कुटुंबांकडे परत जाते. तीत लोकांना आज किती समाधानी आहात आणि पाच वर्षांनी किती असाल, असे दोन्ही प्रश्न विचारले जात. श्वांट यांनी १९९१ ते २००४ या काळातील भाकिते आणि प्रत्यक्ष उत्तरे शेजारी ठेवून पाहिली. तरुणांनी भविष्य वास्तवापेक्षा बरेच उजळ रंगवले होते, वृद्धांनी ते वास्तवापेक्षा काळवंडलेले कल्पिले होते, आणि मध्यमवयात जुन्या अपेक्षाभंगाचे ओझे शिल्लक असतानाच पुढच्या अपेक्षा मावळू लागल्या होत्या. समाधानाचा हा मधला खळगा सर्व देशांत सारखा आढळत नाही, हेही खरे. माकडाच्या पेशींतील क्षणांचा हिशेब आणि माणसाचा पाच वर्षांचा हिशेब एकच आहे, असे कोणी सिद्ध केलेले नाही. पण दोन्हीकडे वजाबाकी सारखीच आहे, एवढे म्हणायला हरकत नसावी.

याच वयात ‘साडेसाती चालू आहे’ हे उत्तरही सहज मिळते. शनी सूर्याभोवती सुमारे साडेएकोणतीस वर्षांत फिरतो, म्हणजे प्रत्येक राशीत सुमारे अडीच वर्षे असतो, आणि साडेसाती तीन राशींना एकाच वेळी लागते. त्यामुळे कोणत्याही दिवशी बारापैकी तीन राशींची माणसे या स्पष्टीकरणाला पात्र असतात. झोप, भूक किंवा उत्साह अनेक आठवडे हरवलेला असेल, तर पत्रिका नव्हे, डॉक्टरांना दाखवावे. थायरॉईडच्या तक्रारी आणि नैराश्य याच वयात अनेकदा नुसता थकवा म्हणून दुर्लक्षिले जातात.

दिशा निवडताना या वजाबाकीचा उपयोग होऊ शकतो, असे माझे मत आहे. ज्या कामात सगळे अंदाज आधीच बरोबर येतात तेथे बढती मिळूनही ओढ वाटत नाही, कारण शिकण्याजोगी चूकच उरलेली नसते. मिरजेत एखाद्याने अठ्ठेचाळिसाव्या वर्षी सतार शिकायला घेतली, तर चुकलेला सूर त्याच क्षणी कानाला कळतो आणि पुढच्या बैठकीतला फरकही कळतो. ‘आता स्वतःसाठी जगायचे’ या संकल्पात अशी कोणतीही खूण नाही. तो पुरा झाला की फसला, हे कधीच ठरत नाही.

मानसशास्त्रज्ञ पीटर गोल्विट्झर यांनी तपासलेली ‘जर-तर’ योजना येथे मदतीला येते: ‘रोज रियाज करीन’ याऐवजी ‘रात्रीचे जेवण आटोपले की पुढच्या खोलीत बसून सतार लावीन’ असे ठरवणे. त्यांनी आणि पास्कल शिरान यांनी २००६ साली अशा ९४ चाचण्या एकत्र पडताळल्या, तेव्हा मध्यम ते मोठा फायदा आढळला. मात्र रिचर्ड कोस्टनर यांच्या गटाच्या २००२ सालच्या प्रयोगांत अशा योजनांचा लाभ विशेषतः त्यांना झाला, ज्यांचे उद्दिष्ट त्यांना मनापासून हवे होते. म्हणून सतारीची वेळ आणि जागा ठरवण्याआधी, ती स्वतःला हवी आहे की शेजाऱ्याने निवृत्तीआधीच काहीतरी सुरू केले म्हणून घ्यायची आहे, हे तपासणे आवश्यक ठरते.