पान्हा फवाऱ्यानं फुटत नाही

‘प्रेमाचं हार्मोन’ म्हणून ऑक्सिटोसिनचे नाकात मारायचे स्प्रे हल्ली ऑनलाइन विकले जातात. दोन फवारे मारा, ताण उतरेल, माणसं जवळ येतील, असा दावा. हे रसायन खरोखर काय करतं ते पाहायचं असेल तर आरे कॉलनीतल्या तबेल्यात पहाटे धारेच्या वेळी जावं.

पारडू सडाला लावलं की ते ढुशा देत चोखू लागतं आणि मिनिट-दोन मिनिटांत कास तटतटते, सड भरून येतात. दूध आधीच कासेत असतं, पण बरंचसं कूपिकांमध्ये, म्हणजे दूध तयार होतं त्या बारीक पिशव्यांमध्ये, अडकलेलं. चोखण्याची संवेदना मज्जारज्जूतून मेंदूच्या तळाशी असलेल्या हायपोथॅलॅमसपर्यंत जाते. तिथल्या ऑक्सिटोसिन बनवणाऱ्या पेशी एरवी आपापल्या संथ लयीत चालतात. आता मात्र त्या स्वतःच्याच फांद्यांमधून थोडं ऑक्सिटोसिन आजूबाजूला सोडतात. त्यानं शेजारची पेशी चेतते, ती पुन्हा हिला चेतवते, आणि मग सगळ्या एकदम, दोनेक सेकंद, संदेशांचा भडिमार करतात. उंदरिणींमध्ये हे मोजलं गेलंय: भडिमारानंतर १०-१५ सेकंदांत दूध उतरतं. तेवढ्यात मेंदूखालच्या पीयूषिका ग्रंथीतून ऑक्सिटोसिनची लाट रक्तात येते, कूपिकांभोवतीच्या पेशींमध्ये कॅल्शियम वाढतं, त्या आवळतात आणि दूध नळ्यांत ढकललं जातं. काही मिनिटांत लाट ओसरते. कुत्रं भुंकलं, अनोळखी हात लागला, तर भीतीनं लाट उठतच नाही, आणि अॅड्रेनलिन कासेचा रक्तपुरवठाही आवळतं. म्हैस पान्हा चोरते म्हणतात, ते हेच.

म्हणजे कामाची आहे ती लाट, योग्य जागी आणि योग्य वेळी उठलेली. प्रयोगांत नाकात साधारण २४ युनिट, म्हणजे सुमारे ४० मायक्रोग्रॅम मारतात. त्यातलं बरंचसं रक्तात किंवा घशात जातं, मेंदूत पोचतं ते फार थोडं. स्प्रेनं अनोळखी माणसावरचा विश्वास वाढतो, हा २००५चा प्रयोग खूप गाजला. २०२०मध्ये सहाशेहून जास्त पुरुषांवर तो पुन्हा केला, तेव्हा तसं काही दिसलं नाही. २०२१मध्ये ऑटिझम असलेल्या २९० मुलामुलींना २४ आठवडे स्प्रे किंवा तसाच दिसणारा बिनऔषधी फवारा दिला. सामाजिक वागण्यात फरक पडला नाही.

ऑक्सिटोसिन म्हणजे नऊ अमिनो आम्लांची साखळी, गिळली तर पचून जाते. म्हणूनच दुधातल्या ऑक्सिटोसिननं मुली लवकर वयात येतात, ही भीती सोडून द्यावी. पान्हा फुटावा म्हणून म्हशीला रोज ऑक्सिटोसिनची सुई टोचणं मात्र क्रूर आहे आणि कायद्यानं गुन्हाही. शरीरात पाणी धरून ठेवणारं व्हासोप्रेसिन हे हार्मोन ऑक्सिटोसिनहून फक्त दोन अमिनो आम्लांनी वेगळं, त्यामुळे मोठ्या डोसनं रक्तातलं सोडियम घसरून उलट्या, झटके येऊ शकतात. ऑक्सिटोसिननं गर्भाशयही आवळतं, म्हणून गरोदर बाईनं डॉक्टरांशिवाय याला हातही लावू नये.

ही लाट खरोखर हवी असते ती अंगावर पाजणाऱ्या आईला. दूध उतरत नसेल तर बाळाला उघड्या छातीशी, त्वचेला त्वचा लागेल असं धरावं. पाजण्याआधी काही मिनिटं स्तनावर कोमट ओलं फडकं ठेवावं. दुखत असेल तर आधी बाळाची पकड तपासावी: नुसतं बोंड नाही, भोवतालचा काळा भागही तोंडात हवा. आणि एका खोलीच्या घरात बाळंतिणीला भेटायला आलेल्यांनी तेवढा वेळ गॅलरीत थांबावं.