घरझडती : सातारा व सांगली जिल्हे

गुन्ह्याच्या तपासासाठी पोलिसांनी खासगी घर, दुकान, गोदाम किंवा शेतातल्या शेडमध्ये शिरून शोध घेणे म्हणजे घरझडती. साताऱ्यातला जुना वाडा असो की तासगावच्या द्राक्षबागेतली खोली, नियम एकच. 1 जुलै 2024 पासून हे नियम भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत आहेत. त्याआधी 1973 ची फौजदारी प्रक्रिया संहिता लागू होती.

न्यायालयाकडून झडतीचे वॉरंट आणणे (कलम 96) हा सरळ मार्ग. पण वॉरंट नाही म्हणून झडती बेकायदा ठरते, हा समज चुकीचा आहे. कलम 185 प्रमाणे पोलीस ठाण्याचा प्रभारी किंवा तपास अधिकारी वॉरंटाविना आत येऊ शकतो. मात्र तपासाला लागणारी वस्तू तिथे आहे आणि उशीर केल्यास ती हाती लागणार नाही, असे मानायला सबळ कारण हवे. ते कारण आणि शोधायची वस्तू आधी लेखी नोंदवावी लागते. स्वतः जाणे शक्य नसेल तर हाताखालच्याला लेखी आदेश द्यावा लागतो. ‘बघू काय सापडते ते’ एवढ्यावर उंबरा ओलांडता येत नाही. नोंदींच्या प्रती 48 तासांत दंडाधिकाऱ्याकडे जातात. घरमालकाला अर्ज केल्यावर त्या विनामूल्य मिळतात.

अटक करायची व्यक्ती घरात शिरली असेल तर कलम 44 लागू होते. आपण कोण, कशासाठी आलो हे सांगूनही दार उघडले नाही, तरच ते तोडता येते.

झडतीचा खरा कणा म्हणजे पंच. कलम 103 नुसार त्याच भागातले दोन किंवा अधिक स्वतंत्र, प्रतिष्ठित रहिवासी हजर हवेत. तिथले कोणी मिळाले नाही किंवा तयार झाले नाही, तर बाहेरचे चालतात. गावगाड्यात अडचण इथेच येते. भावकीतल्या किंवा शेजारच्या माणसाविरुद्ध पंचनाम्यावर सही करून पुढे कोर्टाचे हेलपाटे कोण घालणार? मग तेच ते पंच अनेक खटल्यांत दिसू लागतात आणि बचावाचे वकील नेमके तिथेच बोट ठेवतात. कलम 105 ने आता झडती व जप्तीचे चित्रीकरण सक्तीचे केले आहे, ते या दुखण्यावर काहीसे औषध आहे. घरातल्या माणसाला झडतीच्या वेळी हजर राहण्याचा आणि जप्त वस्तूंच्या यादीची प्रत घेण्याचा हक्क आहे. प्रत मागायला लाजू नये.

काही गुन्ह्यांना वेगळे कायदे आहेत. जुगार अड्ड्यावर धाड टाकायला, पोलीस आयुक्तालय नसलेल्या या दोन्ही जिल्ह्यांत, 1887 च्या जुगार कायद्याखाली विशेष वॉरंट लागते. अमली पदार्थांच्या बाबतीत सूर्यास्तानंतर वॉरंटाविना शिरायचे तर त्याची कारणे लेखी द्यावी लागतात. परजिल्ह्यातले पोलीसही येऊ शकतात. फेब्रुवारी 2024 मध्ये पुणे पोलिसांनी सांगलीजवळच्या कुपवाडमधून मेफेड्रोन या अमली पदार्थाचा साठा जप्त केला होता. हद्दीबाहेर जाऊन झडती घेणाऱ्याने स्थानिक ठाण्याला कळवणे कलम 186 प्रमाणे बंधनकारक आहे.

झडतीत नियम मोडला म्हणून सापडलेला पुरावा आपोआप बाद होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 1973 च्या पूरनमल खटल्यात म्हटले. न्यायालय तो अधिक काटेकोरपणे तपासते एवढेच. तक्रार पोलीस अधीक्षक किंवा दंडाधिकाऱ्याकडे करता येते. उच्च न्यायालयात जायचे झाल्यास 18 ऑगस्ट 2025 पासून दोन्ही जिल्ह्यांसाठी कोल्हापूरचे सर्किट बेंच (फिरते खंडपीठ) आहे. मुंबई गाठावी लागत नाही.