पार्श्वभूमी: पॅनेल पीसीवरचं विंडोज आणि ‘एलटीएससी’ नावाचा घोळ

१४ ऑक्टोबर २०२५ ला साध्या विंडोज १० चा सपोर्ट (कंपनीकडून नियमित मिळणारे अपडेट) संपला. त्याच्या आगेमागे नवी मुंबईतल्या महापे-रबाळे औद्योगिक पट्ट्यातले मेन्टेनन्सवाले एकमेकांना एकच प्रश्न विचारत होते: लाइनवरच्या पॅनेल पीसीचं, म्हणजे मशीनच्या पॅनेलमध्ये बसवलेल्या कॉम्प्युटरचं, काय करायचं? उत्तर मशीनवर नेमकी कोणत्या नावाची विंडोज आहे त्यावर ठरतं, आणि नावांचा हा गुंता गेल्या पंचवीस वर्षांत वाढतच गेला आहे.

डॉस आणि एनटीचा काळ इथे सोडून देऊ. आजच्या सवयी पडल्या त्या २००१ मध्ये एक्सपी एम्बेडेड (मशिनींत बसवायची विंडोज एक्सपी) आल्यावर. मशीन बनवणारा हवे तेवढेच घटक निवडून इमेज (विंडोजची तयार प्रत) बनवायचा, कॉम्पॅक्ट फ्लॅश कार्डावर टाकायचा आणि वर राइट फिल्टर चढवायचा. मग जे काही लिहिलं जाईल ते रॅममध्येच राही, कार्ड जसंच्या तसं. अचानक वीज गेली तरी मशीन निमूट पुन्हा उठायचं. रबाळ्यात एका पॅकिंग लाइनवर मी लेबल प्रिंटरचा आयपी बदलला, चार लेबलं काढून पाहिली, चहा घेतला आणि निघालो. बदल कमिट करायचा, म्हणजे कार्डावर कायमचा लिहायचा, राहिला. शुक्रवारची सुट्टी संपून शनिवारी मेन स्विच वर केला, तर जुना आयपी हजर आणि प्रिंटर मुका.

पॅचचंही (सुरक्षेतलं भोक बुजवणाऱ्या दुरुस्तीचंही) तेच. फिल्टर उतरवा, पॅच टाका, रीबूट करा, फिल्टर परत चढवा, आणि एवढं करून कार्डावर जागा उरली पाहिजे. त्यापेक्षा ‘चालतंय ना, मग हात लावू नका’ हेच धोरण झालं. आळस म्हणून त्याला हिणवणाऱ्यांनी लाइन थांबल्यावर मालकासमोर एकदा उभं राहून पाहावं. पण २०१७ ने या धोरणाची किंमतही दाखवली. मे महिन्यात वॉनाक्राय हा व्हायरस आला आणि जूनअखेर नॉटपेट्या. नॉटपेट्यामुळे न्हावा शेवा बंदरातल्या एका टर्मिनलचं काम अडलं. वॉनाक्राय ज्या भोकातून शिरला, नॉटपेट्याही ज्या वाटांनी पसरला त्यांतली एक तीच, त्याचा पॅच मार्चमध्येच निघाला होता.

तारखांचा घोळ त्याही आधीचा. साध्या एक्सपीचा सपोर्ट ८ एप्रिल २०१४ ला संपला, एक्सपी एम्बेडेडचा १२ जानेवारी २०१६ ला, आणि दुकानांतल्या बिलिंग मशीनसाठी असलेल्या त्याच घराण्यातल्या आवृत्तीचा थेट एप्रिल २०१९ मध्ये. रजिस्ट्रीत एक नोंद घालून साध्या एक्सपीला ‘मी बिलिंग मशीन आहे’ असं बोलायला लावणारेही निघाले. अपडेट येतही होते!

विंडोज १० बरोबर दीर्घ सपोर्टची वेगळी शाखा आली. आधी तिला एलटीएसबी (लाँग-टर्म सर्व्हिसिंग ब्रँच) म्हणत, २०१८ पासून एलटीएससी (ब्रँचऐवजी चॅनेल). २०१६ आणि २०१९ च्या आवृत्त्यांना दहा-दहा वर्षं मिळाली, त्यामुळे एलटीएससी म्हणजे दहा वर्षं हे डोक्यात पक्कं बसलं. मग फेब्रुवारी २०२१ मध्ये मायक्रोसॉफ्ट कंपनीने जाहीर केलं की पुढच्या एलटीएससीला पाचच वर्षं. ऑफिसच्या टेबलांवर दहा वर्षांची गरज कुणाला पडत नाही, असं कारण दिलं. दहा वर्षं राहिली ती फक्त मशिनी-उपकरणांसाठीच्या आयओटी नावाच्या जुळ्या भावाला. म्हणून एलटीएससी २०२१ चा सपोर्ट १२ जानेवारी २०२७ पर्यंत, आणि आयओटी एंटरप्राइझ एलटीएससी २०२१ चा १३ जानेवारी २०३२ पर्यंत. आतल्या फाइली त्याच, फरक मुख्यतः लायसन्स आणि ॲक्टिव्हेशनचा. ऑफिसपुरतं कंपनीचं म्हणणं पटतं. पण एकाच मालाला दोन मुदती लावताना आद्याक्षरं तरी वेगळी ठेवायची होती.

त्यात ‘अपग्रेड’ हा शब्द आणखी फसवा. एक्सपी एम्बेडेडवरून १० वर उडी मारता येत नाही, नवी इमेजच टाकावी लागते. ३२ बिटवरून ६४ बिटवरही तसंच, आणि विंडोज ११ ला ३२ बिट आवृत्तीच नाही. पीसीत खोचलेल्या जुन्या पीसीआय कार्डाचा ६४ बिट ड्रायव्हर मिळाला नाही की विषय तिथेच संपतो. नुसत्या अपडेटचीही धास्ती आहेच: डीकॉमची (प्रोग्रामना नेटवर्कवरून एकमेकांशी बोलू देणाऱ्या विंडोजच्या सोयीची) सुरक्षा २०२१ पासून टप्प्याटप्प्याने कडक होत गेली, आणि १४ मार्च २०२३ च्या अपडेटनंतर हा कडकपणा बंद करायची सोयही उरली नाही. जुन्या ओपीसी सर्व्हरवर (याच सोयीने मशीनचे आकडे स्क्रीनपर्यंत पोचवणाऱ्या सॉफ्टवेअरवर) विसंबलेल्या ज्या लाइनींनी तयारी केली नव्हती, त्यांचे ट्रेंड (स्क्रीनवरचे आलेख) कोरे झाले.

विंडोज ११ आयओटी एलटीएससी २०२४ ची मुदत १० ऑक्टोबर २०३४ पर्यंत आहे, टीपीएम या सुरक्षा चिपची सक्तीही नाही. दरम्यान २०२४ मध्ये रिअल-टाइमचे (काम ठरल्या वेळेतच करवणारे) पॅच लिनक्सच्या मुख्य कर्नलमध्ये (गाभ्यात), ६.१२ मध्ये, सामील झाले. तरी इथल्या मशिनींचं एचएमआय (ऑपरेटरच्या स्क्रीनचं) सॉफ्टवेअर बहुतेक विंडोजचंच, त्यामुळे तो मार्ग सध्या नव्या मशीनपुरता.

गेल्या महिन्यात महाप्यात एका पॅनेल पीसीची खरेदीची फाइल पाहायला मागितली. ऑर्डरवर एवढंच होतं: ‘विंडोज १० एलटीएससी, १ नग’. मुदत २०२७ ची की २०३२ ची, हे कळायला पॅनेल उघडून मागचं स्टिकर वाचावं लागलं.