तडा केव्हा वाढतो? भंगयांत्रिकीतल्या आजच्या वादामागचा इतिहास

अणूंमधले बंध तोडायला लागणाऱ्या बलावरून हिशेब केला, तर काच प्रत्यक्षात मोडते त्याच्या जवळपास शंभरपट ताण तिने सोसायला हवा. ही तफावत कुठून येते, हा प्रश्न पहिल्या महायुद्धानंतर इंग्लंडमधल्या फार्नबरोच्या विमान संशोधन केंद्रात ए. ए. ग्रिफिथ या अभियंत्याने हाती घेतला. त्याआधी 1913 मध्ये इंग्लिस यांनी दाखवून दिलं होतं की लंबवर्तुळाकार छिद्राच्या टोकाशी ताण कित्येक पटींनी वाढतो. पण त्या गणितात एक अडचण होती. छिद्र चिंचोळं होत जाऊन त्याचा तीक्ष्ण तडा झाला, की टोकाशी ताण अनंत होतो. मग जरासा तडा असलेली कोणतीही वस्तू नुसत्या स्पर्शानेही तुटायला हवी!

ग्रिफिथ यांनी ताणाचा नाद सोडून ऊर्जेचा हिशेब मांडला. तडा पुढे सरकला की ताणलेल्या पदार्थात साठलेली ऊर्जा मोकळी होते, पण दोन नवे पृष्ठभाग तयार करायला ऊर्जा खर्चही होते. मोकळी होणारी ऊर्जा हा खर्च भागवू शकली, तरच तडा वाढतो. यातून निघालं की तडा चौपट लांब असेल, तर मोडायला निम्मा ताण पुरतो. काचेवरच्या प्रयोगांनी ते खरं ठरवलं. 1921 मध्ये प्रसिद्ध झालेला हा निबंध मला भंगयांत्रिकीतला, म्हणजे वस्तू कशा तुटतात याच्या शास्त्रातला, सर्वांत सुंदर युक्तिवाद वाटतो. तरीही तो वीसेक वर्षं बाजूलाच राहिला, कारण अभियंत्यांचं काम पोलादाशी होतं आणि पोलादाला काचेचे आकडे लागू पडत नव्हते.

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने सुमारे 2,700 लिबर्टी जहाजं बांधली. त्यांचे सांगाडे रिव्हेटऐवजी वेल्डिंगने जोडलेले होते. रिव्हेटच्या सांगाड्यात तडा बहुधा पत्र्याच्या कडेशी थांबतो, वेल्डिंगच्या अखंड सांगाड्यात तो धावतच राहतो. जानेवारी 1943 मध्ये ‘स्केनेक्टडी’ हे तसंच वेल्डिंगने जोडलेलं तेलवाहू जहाज ऑरेगनमधल्या पोर्टलंड इथे धक्क्याला शांत उभं असताना मधोमध दुभंगलं. केंब्रिजच्या कॉन्स्टन्स टिपर यांनी दाखवलं की मूळ दोष पोलादातच आहे: ठरावीक तापमानाखाली ते ठिसूळ होतं. पुढे वॉशिंग्टनच्या नौदल प्रयोगशाळेत जॉर्ज अर्विन यांनी ग्रिफिथ यांचा हिशेब धातूंसाठी दुरुस्त केला. धातूत तड्याच्या टोकाजवळचा भाग कायमचा विरूप होतो आणि त्यात पृष्ठभागाच्या ऊर्जेपेक्षा हजारो पट ऊर्जा खर्ची पडते. 1957 मध्ये त्यांनी टोकाजवळच्या ताणाची तीव्रता एकाच राशीत बांधली. तडा पुन्हापुन्हा पडणाऱ्या भाराखाली किती वेगाने वाढेल, हे 1960 च्या दशकात पॉल पॅरिस यांनी याच राशीवरून सांगितलं. विमानांच्या तपासणीचं वेळापत्रक आजही त्या सूत्रावर बेततात.

आजच्या संशोधनाचा बराच भाग ‘खर्च’ वाढवण्याभोवती फिरतो. 2003 मध्ये जपानच्या होक्काइदो विद्यापीठात बहुतांश पाणीच असलेला, तरीही चिवट जेल बनला. त्यात दोन जाळी एकमेकांत गुंतलेली असतात. ठिसूळ जाळं आधी तुटून ऊर्जा पिऊन टाकतं, लवचिक जाळं वस्तू धरून ठेवतं. क्रोमियम, कोबाल्ट आणि निकेल यांचा मिश्रधातू तर 20 केल्विनलाही (उणे 253 अंश सेल्सिअस) विलक्षण चिवट राहतो, असं 2022 मध्ये दिसलं. गारठल्यावर त्याचा चिवटपणा वाढतो, म्हणजे जहाजांच्या पोलादाच्या नेमकं उलट.

संगणकी प्रारूपांतही ग्रिफिथच आहेत. 1998 मध्ये फ्रँकफोर्ट आणि मारिगो यांनी त्यांचाच ऊर्जेचा हिशेब किमान मूल्य शोधण्याच्या गणिताच्या रूपात मांडला. त्यावर उभ्या राहिलेल्या फेज-फील्ड पद्धतीत तडा ही रेषा न राहता एक अरुंद पट्टा होतो, त्यामुळे तो कुठे वळेल किंवा त्याला कुठे फाटे फुटतील हे आधी सांगावं लागत नाही. सध्याचा खरा वाद मात्र यापुढचा आहे. ग्रिफिथ यांचा हिशेब आधीच असलेल्या तड्याबद्दल बोलतो. अखंड पदार्थात पहिला तडा कुठे आणि केव्हा पडेल, हे केवळ ऊर्जेवरून ठरत नाही. त्यासाठी पदार्थाची ताकदही स्वतंत्रपणे जमेस धरावी लागते, आणि या दोन गोष्टी एकाच प्रारूपात कशा बसवायच्या यावर संशोधकांचं अजून एकमत नाही.